ब्रॉडवेखालची ४१९ माणसं: न्यूयॉर्कच्या आफ्रिकन दफनभूमीचं पूर्ण प्रकरण

न्यूयॉर्कला मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला २९० ब्रॉडवे नावाची ३४ मजली सरकारी बिल्डिंग आहे. आत आयआरएस म्हणजे तिकडच्या इन्कम टॅक्सवाल्यांची ऑफिसं, पर्यावरणवाल्या ईपीएचं प्रादेशिक ऑफिस, असं सगळं. जवळच २६ फेडरल प्लाझा, जिथे ग्रीन कार्ड आणि सिटीझनशिपच्या कामाला क्वीन्समधली कितीतरी मराठी मंडळी फाइल छातीशी धरून रांगेत उभी राहिलेली आहेत. यातल्या बहुतेकांना माहीत नसतं की या सगळ्या परिसराच्या खाली, साधारण साडेसहा एकरात, १५ हजार आफ्रिकन माणसं पुरलेली असावीत असा अंदाज आहे. गुलाम म्हणून आणलेले, गुलामीतच जन्मलेले, थोडेफार स्वतंत्र झालेलेही.

आज तिथे ड्युएन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर काळ्या ग्रॅनाइटचं सुंदर स्मारक आहे, आणि फोटो टाकणारे लोक २००७ सालच्या उद्घाटनापासून गोष्ट सुरू करतात. माझ्या मते ते चुकतं. खरं प्रकरण १९९१ ते १९९३ या दोन वर्षांत घडलं, आणि त्यातला मुद्दा स्मारक कसं दिसावं हा नव्हताच. हाडं कोणाची, त्यांच्यावर हक्क कोणाचा आणि त्यांना प्रश्न काय विचारायचे हे कोण ठरवणार, यावर भांडण झालं. ते जिंकलं म्हणून पुढचं सगळं झालं. म्हणून मी इथे त्या दोन वर्षांवर जास्त लिहिणार आहे आणि रिबन कापण्यावर कमी.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय राग कळत नाही

साधारण १६२६ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीने न्यू ॲमस्टरडॅमला पहिले ११ आफ्रिकन पुरुष आणले. (त्याच वर्षी इकडे मलिक अंबर वारला. तोही आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, पण दख्खनमध्ये निजामशाहीचा कारभार हाती घेऊन गेला आणि खुलदाबादला त्याची कबर आजही नावानिशी दाखवतात. तिकडच्या अकरांच्या कबरी कुठे आहेत कोणालाच सांगता येत नाही.) त्या अकरांपैकी बऱ्याच जणांची नावं मात्र कागदावर आहेत, पाउलो दि अँगोला, सिमॉन काँगो, अँथनी पोर्तुगीज, थोरला मॅन्युएल, धाकटा मॅन्युएल. गोव्यातल्या कोणाला ही नावं ओळखीची वाटतील, आणि वाटणारच, कारण पोर्तुगीजांच्या हद्दीतून किंवा त्यांच्या जहाजांवरून पकडून आणलेली ही माणसं होती.

१६४४ मध्ये त्यांनी अर्ज केला आणि कंपनीने त्यांना अर्धं स्वातंत्र्य दिलं. अर्धं म्हणजे काय तर स्वतः मोकळे, वस्तीच्या उत्तरेला थोडी जमीन, दरवर्षी कंपनीला धान्य आणि डुक्कर द्यायचं, आणि मुलं मात्र कंपनीचीच गुलाम, अगदी पुढे जन्माला येणारीसुद्धा. हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

१६६४ ला इंग्रज आले आणि अर्धंमुर्धं जे होतं तेही आवळत गेलं. १६९७ मध्ये ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात काळ्या माणसांना पुरायला बंदी केली. मग शहराच्या वेशीबाहेरची, कोणाला नको असलेली, तळ्याकाठची खोलगट जागा त्यांच्या वाट्याला आली. १७५५ च्या नकाशात ती निग्रोंची दफनभूमी म्हणून दाखवलेली आहे, म्हणजे शहराला ती माहीतच नव्हती असं कोणी म्हणू नये.

१७११ मध्ये वॉल स्ट्रीटच्या टोकाला, ईस्ट रिव्हरच्या काठावर, शहराने अधिकृत गुलामबाजार सुरू केला, तो १७६२ पर्यंत चालला. अठराव्या शतकाच्या मध्यावर शहरात साधारण दर पाच माणसांमागे एक गुलाम होता. अमेरिकेतली गुलामी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दक्षिणेतली कापसाची शेतं येतात, पण न्यूयॉर्क राज्यात ती ४ जुलै १८२७ ला कुठे पूर्ण संपली. तोपर्यंत बंदरावर माल उतरवणं, रस्ते बांधणं, भिंती उभारणं, श्रीमंतांच्या घरचं पाणी भरणं, मुलं सांभाळणं, सगळं याच लोकांनी केलं.

आणि मेल्यावरही नियम होतेच. १७२२ चा कायदा म्हणे की अंत्यविधी दिवसाउजेडी उरकायचा, कारण अनेक आफ्रिकन समाजांत रात्री दफन करायची रीत होती आणि रात्री जमले तर कट करतील ही भीती. १७३१ मध्ये अंत्ययात्रेला १२ पेक्षा जास्त गुलाम नकोत असं ठरवलं. भीतीला कारणही त्यांनीच तयार केलेलं, १७१२ मध्ये उठाव झालेला, त्यात नऊ गोरे मेले आणि बदल्यात वीसेक काळ्यांना मारलं, काहींना हाल करून. १७४१ मध्ये आगी लागल्या आणि कटाचा संशय आला तेव्हा तर ३० काळ्या पुरुषांना मृत्युदंड दिला, त्यातल्या १३ जणांना जिवंत जाळलं. खरंच कट होता का यावर इतिहासकार अजून भांडतात. ते जाळणं याच दफनभूमीच्या आसपास झालं.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात भयंकर वाटते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना चिरफाडीला प्रेतं लागायची, ती याच जागेतून रात्री उकरून न्यायचे. फेब्रुवारी १७८८ मध्ये शहरातल्या काळ्या लोकांनी, गुलाम आणि स्वतंत्र दोघांनी मिळून, नगरपरिषदेला अर्ज दिला की आमची माणसं अशी उकरू नका, निदान जरा मान ठेवा. कोणी लक्ष दिलं नाही. मग एप्रिलमध्ये ट्रिनिटीच्या आवारातून एका गोऱ्या बाईचं प्रेत गेलं अशी बातमी पसरली, आणि शहरात दंगल पेटली, तिला डॉक्टरांची दंगल म्हणतात. पुढच्या वर्षी प्रेतचोरीविरुद्ध कायदा आला. त्या फेब्रुवारीतल्या अर्जाची आठवण ठेवा, कारण दोनशे वर्षांनी जवळपास तोच अर्ज पुन्हा करावा लागला.

१७९४-९५ च्या सुमाराला दफनभूमी बंद झाली, प्लॉट पडले, खोलगट भागावर भराव टाकला, कुठे कुठे २० ते २५ फूट. वर घरं, दुकानं, कचेऱ्या आल्या. गंमत अशी की याच भरावाने त्यांना वाचवलं. नाहीतर एकोणिसाव्या शतकातल्या तळघरांनी सगळं खरवडून टाकलं असतं.

१९९१: पाया खणायला घेतला

डिसेंबर १९९० मध्ये केंद्र सरकारच्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याने, त्याला जीएसए म्हणतात, ही जागा शहराकडून १०४ मिलियन डॉलरला घेतली. प्लॅन असा, ३४ मजली टॉवर आणि शेजारी चार मजली पॅव्हेलियन. अमेरिकेत १९६६ चा एक कायदा आहे, त्याचं कलम १०६ सांगतं की सरकारी पैशाने बांधकाम करणार असाल तर आधी ऐतिहासिक वारशावर काय परिणाम होईल ते तपासा. त्यानुसार पुरातत्त्ववाल्या एका कंपनीने अहवाल दिला. अहवालात दफनभूमीचा उल्लेख होता! नुसता होता असं नाही, नकाशासकट होता, फक्त निष्कर्ष असा की नंतरच्या इमारतींच्या तळघरांनी बहुतेक सगळं नष्ट झालं असणार, फार तर एका जुन्या गल्लीखाली काही उरलं असेल.

इथे पहिला धडा आहे आणि तो इंजिनिअर मंडळींनी नीट वाचावा. अहवाल खोटा नव्हता. पण "असणार" या अंदाजावर शंभर मिलियनची जमीन घेतली गेली, वेळापत्रक ठरलं, ठेकेदार नेमले गेले, आणि मग खाली खरंच काही सापडलं तर काय करायचं याचा प्लॅनच नव्हता. जुना रस्तापातळीचा उंचसखलपणा पाहून भराव किती खोल आहे हे आधी नीट काढलं असतं तर अंदाज वेगळा आला असता.

१९९१ च्या उन्हाळ्यात खणायला सुरुवात झाली, शरद ऋतूत हाडं दिसायला लागली, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला जीएसएने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं. सुरुवातीला वाटलं थोडीफार असतील. मग येतच गेली. एकावर एक, तीन तीन थरांत. आणि बांधकाम थांबलं नाही. एका बाजूला पुरातत्त्वज्ञ ब्रश घेऊन बसलेले, दुसऱ्या बाजूला मशिनं चालू, वेळ वाचवायला लांब शिफ्टमध्ये, आठवड्याचे सातही दिवस काम. कायद्याप्रमाणे खणायच्या आधी संशोधनाचा आराखडा हवा, म्हणजे आपण काय शोधतोय आणि का. तो तयारच नव्हता, आणि तरीही माणसं बाहेर काढली जात होती.

फेब्रुवारी १९९२ मध्ये जे झालं त्याने ठिणगी पडली. जुनं ड्रॉइंग वापरल्यामुळे ठेकेदाराच्या लोकांनी पायासाठी अशा भागात खणलं आणि काँक्रीट ओतलं जिथे दफनं होती. काही कबरी जेसीबीखाली गेल्या. बातमी बाहेर आली आणि शहरातले काळे लोक रस्त्यावर आले.

तोपर्यंत काढलेले सांगाडे ब्रॉन्क्समधल्या लेहमन कॉलेजात नेले जात होते, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांमध्ये. तिथली टीम फॉरेन्सिकवाली होती, म्हणजे पोलिसांना अनोळखी प्रेत सापडलं की ते कोणाचं हे सांगायला मदत करणारी. त्या कामाची एक पद्धत असते, कवटी मोजायची, वंश लिहायचा, लिंग लिहायचं, वय लिहायचं, फॉर्म बंद. काम वाईट नाही, पण इथे वंश कोणता हा प्रश्नच नव्हता ना. ही माणसं आफ्रिकन आहेत हे १७५५ च्या नकाशावर लिहिलेलं आहे. प्रश्न होता ती आफ्रिकेत नेमकी कुठून आली, काय खायची, कशाने मेली, कोणत्या रीतीने एकमेकांना पुरायची.

ज्या उन्हाळ्यात निकाल लागला

त्या वेळी न्यूयॉर्कचे महापौर होते डेव्हिड डिंकिन्स, शहराचे पहिले काळे महापौर. योगायोग म्हणा, पण या प्रकरणात तो फार मोठा ठरला. राज्याच्या सिनेटमधले डेव्हिड पॅटर्सन (पुढे ते गव्हर्नर झाले) यांनी देखरेखीसाठी टास्क फोर्स बसवला. रस्त्यावर सह्यांच्या मोहिमा, प्रार्थना, ढोल वाजवत जागर, साइटवर एक दिवसाचा रास्ता रोको. डिंकिन्सनी काम थांबवा असं सांगितलं, जीएसएचे स्थानिक अधिकारी ऐकेनात. जमीन केंद्राची, महापौरांचं तिथे काही चालत नाही, इतकं साधं होतं ते.

मग सूत्रं हलली ती भलत्याच शहरातून. शिकागोचे काँग्रेसमन गस सॅव्हेज हे सरकारी इमारतींवर लक्ष ठेवणाऱ्या उपसमितीचे अध्यक्ष होते, म्हणजे जीएसएच्या पुढच्या प्रत्येक प्रोजेक्टची मंजुरी त्यांच्या टेबलावरून जायची. जुलै १९९२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कलाच सुनावणी लावली, अधिकाऱ्यांची उत्तरं ऐकली, आणि सरळ सांगितलं की मी अध्यक्ष आहे तोवर माझ्याकडे पुढच्या मंजुऱ्या मागायला येऊ नका. काही दिवसांत उत्खनन थांबलं.

आंदोलनाला श्रेय द्यायचं की सॅव्हेजना, यावर लोक वाद घालतात. मला वाटतं तो वाद फुकट आहे. ढोल वाजले नसते तर सुनावणी झाली नसती, आणि सुनावणीत पैशाची नस दाबली गेली नसती तर ढोल वाजतच राहिले असते, खाली काँक्रीट ओतणं चालूच. मोर्चा काढणाऱ्या कोणालाही विचारा, निवेदन कोणाला द्यायचं हे कळायला निम्मं आयुष्य जातं. इथे त्यांना बरोबर माणूस सापडला, इतकंच.

ऑक्टोबर १९९२ मध्ये थोरल्या बुश यांनी कायद्यावर सही केली. पॅव्हेलियन रद्द, त्या जागेत उरलेल्या कबरी जागच्या जागी राहतील, आणि स्मारकासाठी ३ मिलियन डॉलर. टॉवर मात्र झाला. हे विसरू नका. वर ३४ मजले उभे राहिलेच, आणि खणताना बाहेर काढलेल्या माणसांची संख्या झाली एकूण ४१९. १९९३ मध्ये जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

हाडांना प्रश्न कोण विचारणार

आता या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत, म्हणजे काळ्या लोकांच्या ऐतिहासिक विद्यापीठात, मायकेल ब्लेकी नावाचे जैविक मानवशास्त्रज्ञ होते. त्यांनी मांडणी अशी केली की या कामाचे दोन क्लायंट आहेत. एक जीएसए, ते पैसे देतात, तो व्यावसायिक क्लायंट. दुसरा वंशज समाज, म्हणजे ज्यांची ही माणसं आहेत, तो नैतिक क्लायंट. आणि दोघांत टक्कर झाली तर शास्त्रज्ञाने नैतिक क्लायंटचं ऐकायचं, अगदी ते संशोधन नकोच म्हणाले तरी.

थांबा, यावर लगेच आक्षेप येतो की समाजाला विचारून विज्ञान करायचं म्हणजे निष्कर्षही समाजाला आवडतील तेच काढायचे का? रास्त शंका आहे. पण बैठका घेऊन लोकांना विचारलं तेव्हा त्यांनी काय विचारलं ते बघा. ही माणसं आफ्रिकेत कुठली? गुलामीने त्यांच्या शरीराचे काय हाल झाले? आफ्रिकन माणसाचा आफ्रिकन-अमेरिकन कसा होत गेला? आणि त्यांनी प्रतिकार कसा केला? हे चार प्रश्न संशोधनाचा आराखडा झाले. कवटी मोजून वंश लिहिण्यापेक्षा हे चारही प्रश्न विज्ञान म्हणून अवघड आणि जास्त मोलाचे होते. म्हणजे लोकांना विचारल्याने दर्जा घसरला नाही, चढला. १९९३ मध्ये सगळे सांगाडे हॉवर्डला हलवले गेले.

आणि उत्तरं काय आली? मणक्यांवर, विशेषतः मानेच्या मणक्यांवर, डोक्यावरून बेसुमार ओझी वाहिल्याच्या खुणा. स्नायू जिथे हाडाला चिकटतात तिथे हाड फाटेस्तोवर ताण, बायकांच्यातही, म्हणजे घरकामाच्या बायका नाजूक कामं करायच्या हा समज गेला. मुलांच्या दातांच्या एनॅमलवर उपासमारीच्या आणि आजारपणाच्या रेघा. वय ठरवता आलं त्यांच्यात मुलांचं प्रमाण जवळपास निम्मं. दातांतल्या रासायनिक मूलद्रव्यांवरून कोण आफ्रिकेत वाढलं आणि कोण इथेच जन्मलं याचा अंदाज बांधता आला. काहींचे पुढचे दात कानशीने घासून आकार दिलेले, जी आफ्रिकेतल्या अनेक समाजांची रीत.

नावं कोणाचीच नाहीत, फक्त दफन क्रमांक. क्रमांक २५ ही विशीतली बाई, बरगड्यांत बंदुकीची गोळी, चेहऱ्यावर मार, हात पिरगाळल्यासारखा मोडलेला, आणि हाड भरायला सुरुवात होण्याइतकी ती त्यानंतर जगलीही. ३३५ आणि ३५६ म्हणजे एक बाई आणि तिच्या कुशीतलं तान्हं. ३३२ च्या पेटीवर खिळे ठोकून एच डब्ल्यू अशी आद्याक्षरं आणि ३८ हा आकडा, बहुधा वय. नावाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट एवढीच. आणखी एकाच्या अंगावर नांगराचं चिन्ह असलेली बटणं, म्हणजे नौदलाचा कोट.

क्रमांक ३४० ही चाळिशीच्या पुढची बाई. दात घासून आकार दिलेले, कमरेला शंभराहून जास्त मण्यांची माळ आणि त्यात कवड्या. इथे मी अडकलो. चलनातल्या कवड्या अटलांटिकच्या किनाऱ्यावर होत नाहीत, पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून चालायच्या त्या मुख्यतः मालदीवच्या, हिंदी महासागरातून भारतातल्या बंदरांमार्गे युरोपीय जहाजांत भरून तिकडे जायच्या आणि त्यांवर माणसं विकत घेतली जायची. आपल्याकडे भवानीच्या भक्ताच्या गळ्यात जी माळ असते, त्याच समुद्रातली वस्तू न्यूयॉर्कच्या भरावाखाली एका गुलाम बाईच्या कमरेला सापडते. गुलामगिरीचा व्यापार हा "तिकडचा" विषय आहे असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली ही माळ दाखवतो.

क्रमांक १०१ वर मात्र थोडं भांडण आहे आणि ते सांगायलाच हवं. त्या पुरुषाच्या पेटीच्या झाकणावर खिळ्यांनी हृदयासारखी आकृती काढलेली होती. ती घानामधल्या आकान लोकांचं संकोफा हे चिन्ह आहे, मागे वळून आपलं होतं ते घ्या असा त्याचा भाव, असं सुरुवातीला मांडलं गेलं, आणि ते इतकं लोकप्रिय झालं की स्मारकावर कोरलं गेलं. नंतर आक्षेप आला की आकान लोकांच्या अशा चिन्हांचा, ज्यांना आदिंक्रा म्हणतात, सगळ्यात जुना ठोस पुरावा एकोणिसाव्या शतकातला आहे आणि त्या काळच्या गोऱ्यांच्या पेट्यांवरही खिळ्यांचं हृदय असायचं. माझं मत विचाराल तर पुरावा कमजोर आहे आणि तसं स्पष्ट लिहायला हवं. पण स्मारकावर ते राहू द्यावं, कारण ज्यांनी ते कोरलं त्यांच्यासाठी त्याचा अर्थ आहे, फक्त खाली पुरलेल्या माणसाच्या तोंडी तो घालू नये.

उशीर, आणि कोणाचा दोष

ठरलं होतं की अभ्यास लवकर आटपून सांगाडे परत पुरायचे. दहा वर्षं गेली. जीएसए म्हणे संशोधक वेळेत अहवाल देत नाहीत, संशोधक म्हणत जीएसए पैसे अडवते, डीएनएच्या कामाला मागितलेला निधी मिळाला नाही, आणि समाजातले काही लोक दोघांवर चिडलेले की आमच्या पूर्वजांना खोक्यांतून कधी सोडणार. अहवाल खरोखरच लांबले, शेवटचे खंड तर पुनर्दफनानंतर कितीतरी वर्षांनी आले. मला इथे दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर वाटतात, ब्लेकींचं काम कितीही मोलाचं असलं तरी दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं.

मध्ये अजून एक आघात. पुरातत्त्वाची प्रयोगशाळा आणि लोकशिक्षणाचं ऑफिस होतं सहा नंबरच्या वर्ल्ड ट्रेड सेंटर इमारतीत. ११ सप्टेंबर २००१ ला ती इमारत उद्ध्वस्त झाली. सांगाडे हॉवर्डला होते म्हणून वाचले, दफनभूमीच्या वस्तूंची खोकी ढिगाऱ्यातून बरीचशी परत मिळाली. त्याच इमारतीत ठेवलेला शेजारच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीच्या उत्खननाचा लाखो वस्तूंचा संग्रह मात्र जवळपास सगळा गेला.

परत पुरणं

२००३ मध्ये घानात हाताने कोरलेल्या लाकडी पेट्यांमध्ये एकेकाला ठेवलं. यात्रा हॉवर्डहून निघाली, बाल्टिमोर, विल्मिंग्टन, फिलाडेल्फिया अशी थांबत थांबत, आणि शेवटी बोटीने वॉल स्ट्रीटच्या धक्क्यावर उतरली, म्हणजे जिथे गुलामबाजार भरायचा त्याच बाजूला. तिथून ब्रॉडवेवरून मिरवणूक. ज्या ब्रॉडवेवर बारा जणांच्या वर अंत्ययात्रेला जायची मनाई होती तिथे हजारो माणसं. ४ ऑक्टोबरला ४१९ जणांना मोठमोठ्या सात पेटाऱ्यांत रचून त्याच जागी परत पुरलं. वर आता गवताचे सात उंचवटे आहेत. कायदा पाळून रांगेत उभं राहून लोकांनी आत चिठ्ठ्या सोडल्या, मुलांनीही.

२००६ मध्ये धाकट्या बुश यांनी जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली, नॅशनल पार्क सर्व्हिसकडे गेली, ऑक्टोबर २००७ मध्ये रॉडनी लिऑन या हैतीय मुळाच्या वास्तुविशारदाचं स्मारक खुलं झालं, उद्घाटनाला कवयित्री माया अँजेलो होत्या. होडीच्या पोटासारखी अरुंद दगडी खोली, तिथून उतरत गोल अंगणात जायचं, अंगण रस्त्याच्या पातळीखाली. याच लिऑननी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आवारातलं गुलामगिरीच्या बळींचं स्मारक केलं, २०१५ मध्ये. २५ मार्च हा त्या बळींच्या आंतरराष्ट्रीय स्मरणाचा दिवस असतो, कोणी तेव्हा न्यूयॉर्कात असेल तर दोन्ही जागा एका दिवसात होतात. आणि वॉल स्ट्रीटवर बाजार भरायचा तिथे शहराने पाटी लावली तीही २०१५ मध्येच. बाजार बंद पडल्याला तोवर अडीचशे वर्षं होऊन गेली होती.

अजून काय उघडं आहे

साडेसहा एकरांपैकी स्मारकाच्या वाट्याला एक छोटा कोपरा आला. बाकी सगळे अजून रस्त्यांखाली, कचेऱ्यांखाली, सिटी हॉलच्या उत्तरेच्या इमारतींखाली आहेत. गटारलाइन दुरुस्तीला खड्डा घेतला तरी या भागात पुरातत्त्वाची परवानगी लागते, ते आता नेहमीचं झालंय.

या प्रकरणाचा खरा परिणाम बघायचा असेल तर हार्लेमला जा. १२६ व्या स्ट्रीटवर बसडेपो होता, त्याच्या खाली डच काळातल्या चर्चची आफ्रिकन दफनभूमी. इथे वंशजांची टास्क फोर्स आधी बनली, मग २०१५ मध्ये डेपो बंद करून तपासणीसाठी खणलं तेव्हा शंभराहून जास्त हाडांचे तुकडे सापडले. शहराचा प्लॅन असा की एका भागात स्मारक आणि उरलेल्यात परवडणारी घरं. टास्क फोर्समधल्या लोकांनी घरांना नाही म्हटलं नाही, स्मारकाची जागा आधी आखून घ्या असं म्हटलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आफ्रिकन-अमेरिकन दफनभूमी जपण्यासाठी केंद्राचा वेगळा कायदाही झाला, अनुदान द्यायची सोय करणारा. पैसा किती आणि कधी सुटतो ते दरवर्षीच्या बजेटवर, त्यामुळे जुन्या दफनभूमीच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना अजूनही अर्ज लिहीतच बसावं लागतं.